फोटोत न आलेली खाचरं

५ ऑक्टोबर, रविवार

दोन डोहाळजेवणं, एक साखरपुडा आणि भाताचा रोग. ह्या महिन्याच्या ऑर्डरी.

पुण्याच्या संस्थेतल्या बाईंचा मागच्या आठवड्यात फोन आला होता. वेल्ह्याकडं भातावर करपा पडलाय, त्यानं गावाचं काय झालं त्याचे फोटो हवेत. हंगामभर जात राहा, मग प्रदर्शन लावू. म्हटलं, अहो मी लग्नं काढते. तर म्हणाल्या, म्हणूनच तुम्ही, लोक तुम्हाला घरात घेतात.

ते खरंय. मार्गासनीच्या वरच्या वाडीत निम्म्या घरांच्या भिंतीवर माझेच फोटो आहेत, आधीचे अब्बांचे. भोरच्या आतार स्टुडिओची शमा म्हटलं की चहा ठेवतातच.

आज पहिली फेरी. तानाजीअण्णा बांधावर इस्त्रीचा शर्ट घालून हजर. मागच्या वेळचे सरपंच, पण वाडीत शब्द अजून त्यांचाच चालतो. "या मॅडम, हितनं घ्या. हितनं लई झ्याक दिसतंय." बघते तर खाचराच्या एका कोपऱ्यात हातभर हिरवं भात, आणि त्यांच्या पाठीमागं सगळं पांढरं पडलेलं. कॅमेरा तिकडं वळवला तर "तिकडं काय न्हाई" म्हणून मध्येच उभे राहिले. कोपऱ्यातला काढला. सवयीनं तोंडातून गेलं, अण्णा, थोडं हसा. आणि ते हसले.

घरी येऊन लॅपटॉपवर पाहिलं. रोगावरचा माझा पहिला फोटो: हिरवं पीक, हसरा माणूस. शाब्बास शमा.

८ ऑक्टोबर, बुधवार

तीच गत. सात घरं, सात चांगले कोपरे. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आलेल्या. एकीनं तर खाचरातल्या मेलेल्या लोंब्या आधीच उपटून बांधाआड टाकल्या होत्या. फोटो येणार म्हणून साफसफाई! पाहुणे यायच्या आधी घर झाडतात तसं रोगट वावर झाडून ठेवलं.

चिडून परत निघाले ती वरच्या पाणंदीनं. तिथून अण्णांची खाचरं पाठीमागून दिसतात. कोणी नव्हतं. तीन फोटो काढले. पार गेलेलं पीक. बांधापासून बांधापर्यंत पांढऱ्या लोंब्या, मानेत काळ्या पडून मोडलेल्या. लांबून बघणाऱ्याला वाटेल पिकलंय.

चौथा घेणार तोच अण्णांची बायको, चंद्रावहिनी, गवताचा भारा टाकून धावत आली. हातच धरला माझा. "ताई, हे फोटू कुनाला दावू नका. दिवाळी झाली की पुष्पीला बघाय पावनं यायचं हायेत. घर बघत्यात, शिवार बघत्यात. तुमाला माझी आन हाय." पुष्पी म्हणजे त्यांची पोरगी, बारशाचे फोटोसुद्धा आमच्याच स्टुडिओचे.

बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

काढून मात्र टाकले नाहीत.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज एक माणूस भेटलं. हौसाबाई. खालच्या अंगाला ओढ्याकडेला तिची चार खाचरं. नवरा गेला, मुलगा शिरवळला कंपनीत, ही एकटी करते. आंबेमोहर लावते, तेही घरचं बी, सासूच्या हातचं. बाकी सगळी वाडी विकतच्या पिशवीवर गेलीय.

"मावशी, फोटो काढू का?" म्हटलं. मिश्री लावत होती. तोंड पुसायचीही तसदी घेतली नाही. "काढ की. कोपऱ्यातनं काय काढतीस, आत घूस." मी म्हटलं, बाकीचे तर चांगलं तेवढंच दाखवतात. तर म्हणाली, "मेल्याचा फोटू बी पावडर लावून काढत्याल ही मानसं."

तिच्या वावरात करपा आत्ता शिरतोय. वरच्या बांधालगत, अण्णांच्या खाचरांच्या बाजूला, चार हात पट्टा लागलाय, बाकी हिरवं. पानावर डोळ्यासारखे ठिपके, मध्ये राखाडी. तिनं एक लोंबी मोडून माझ्या तळहातावर चोळली. "बघ. दाना न्हाई. समदं पळंज." फुंकर मारली तर हात रिकामा.

विचारलं, कधी दिसला? "माझ्यात दसऱ्याच्या पुढं. वरच्या आळीत त्याच्या लई आदी. यूरिया वतला पोत्यानं, आन आता तोंड उघडत न्हाई कोन."

बांधावरच्या एका दगडावर ट्रायपॉड लावला. ठरवलं, दर वेळी इथूनच. एक वावर तरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत मिळेल.

१९ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीची सगळी कामं टाकून गेले. अम्मी ओरडली. हौ.मा.चं (हौसामावशी, दर वेळी पूर्ण कोण लिहिणार) अर्धं वावर गेलं. त्याच दगडावरून तसाच फोटो. मग लोंब्या, हात, तिचा चेहरा. तिनं एकदाही पदर सारखा केला नाही.

फोटो फार चांगले येतायत. हे लिहिताना लाज वाटते, पण येतायत.

२६ ऑक्टोबर, रविवार

सगळं गेलं. ओढ्याकडचा एक कोपरा फक्त उभा, खाट मावेल एवढा. हौ.मा. कमरेवर हात ठेवून बघत होती. रडली वगैरे नाही. मीच मेली डोळे पुसत होते आणि व्ह्यूफाइंडर ओला.

तिनं त्या कोपऱ्यातल्या लोंब्यांना लाल दोरे बांधले. एकेक निवडून. "एवढ्यात बी जी हुबी ऱ्हायली, तीच बी. पुढच्या साली हीच लावनार." हिशोब बरोबर वाटला मला. कृषीचं मला काय कळतं म्हणा.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज पंचनाम्याला कृषी सहायक आले होते, तरुण पोरगा, घामाघूम. उशीरच झाला त्याला. वाडीनं भात कापून पेंढा करून टाकलाय. म्हणाला, वावरात काही उरलं नाही, निदान मोबाईलमधले फोटो दाखवा. सगळ्यांनी मोबाईल काढले. सगळ्यांच्या मोबाईलमध्ये मी पाठवलेले फोटो. हिरवे कोपरे, हसरी तोंडं, भारीतल्या साड्या.

"अहो, ह्यात तर पीक चांगलं दिसतंय," तो म्हणाला. त्याचं काय चुकलं?

भरपाईच्या यादीत नाव एकटीचं लागलं, हौ.मा.चं. तिचं वावर अजून कापलेलं नव्हतं आणि फोटो तर ढिगानं. खाली येताना पाराजवळ माणसं बसली होती, माझ्याशी कोणी बोललं नाही. एक जण मला ऐकू जाईल असं म्हणाला, "हौसानं बरोबर पटवली फोटोवाली."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पुष्पीचं जमलं. मुलगा भोंगवलीचा. शिवार बघायला आले तेव्हा अण्णांचं रान नांगरून काळंभोर केलेलं, म्हणजे बघायला काहीच नव्हतं. हुशार माणूस.

ऑर्डर मलाच. फेब्रुवारीत. चंद्रावहिनीनं फोनवर तीनदा विचारलं, "ते तेवढं काढून टाकलं न्हवं?" हो म्हटलं.

पहिलं खोटं.

२६ जानेवारी, सोमवार

कुठून लिहायला घेऊ.

शाळेच्या वर्गात प्रदर्शन लावलं. संस्थेच्या बाई पुण्याहून स्वतः आल्या, चोवीस फोटो मोठे करून. निवड त्यांची. मला आदल्या दिवशी कळलं की चोवीसातले सतरा हौ.मा.च्या वावराचे. का नसणार? दुसरे होते कुठं? बाईंनी ते ओळीनं लावले, त्या दगडावरून काढलेले, खाली चिठ्ठ्या. रोगाची सुरुवात. रोगाचा प्रसार. रोगाचा शेवट. मग उरलेले सात, वाडीतले हसरे शेतकरी. चिठ्ठी: गावकरी.

झेंडावंदन झालं, लोक आत आले. भिंतीच्या कडेनं हळूहळू चालत गेले, एकही बोलेना. मला वाटलं फोटो काळजाला लागले. मी दारात उभी, कौतुक झेलायला तयार.

मग ग्रामसभा, तिथंच, फोटोंच्या खाली. तानाजीअण्णा उठले. "फोटू खोटं बोलत न्हाई. रोग कुठनं सुरू झाला ते हितं लावलंय, मोठ्या अक्षरात. जुनं बी, घरचं बी, त्याच्यातनं आला आन समद्या वाडीत पसारला. माझं म्हननं एवढंच, औंदा जुनं बी कुनी पेरायचं न्हाई. आन जो पेरंल त्याच्या सावडीला कुनी जायचं न्हाई."

सावड म्हणजे लावणीला एकमेकांच्या वावरात राबणं, आज तुझं उद्या माझं. सावड तुटली तर एकट्या बाईनं चार खाचरं लावायची कशी? रोप काय थांबतंय?

हात वर झाले. कुणाकुणाचे वर गेले ते मी पाहिलं. ज्यांनी कोपरे दाखवले त्या सगळ्यांचे.

हौ.मा. बायकांच्या ओळीत शेवटी. ती अण्णांकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती. माझ्या बॅगेत लॅपटॉप. लॅपटॉपमध्ये ते तीन फोटो, तारखेसकट, हौ.मा.च्या पहिल्या फोटोच्या चार दिवस आधीचे. अण्णांची खाचरं बांधापासून बांधापर्यंत मेलेली.

मी काय केलं? सभेचा फोटो काढला. वर गेलेल्या हातांचा. फ्रेम चांगली होती.

२८ जानेवारी, बुधवार

बाईंना फोन केला. सगळं सांगितलं. अजून तीन फोटो आहेत, लावता येतील का. त्यांनी विचारलं, त्या शेतकऱ्याची परवानगी आहे का? नाही. मग नाही लावता येणार, शमा, नियम आहे. आवाज खरंच दुःखी होता.

फोन ठेवल्यावर हलकं वाटलं मला. हे लिहून ठेवते, नाहीतर पुढं मी स्वतःला वेगळंच काहीतरी सांगेन.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पुष्पीचं लग्न. मांडव, डीजे, सगळं यथासांग. सगळ्या वाडीला आवतण, हौ.मा.ला नाही. हळदीला पाच सुवासिनींचा फोटो काढताना चंद्रावहिनी कानाशी लागली, "तुमचं उपकार हायेत ताई."

पुष्पी सुंदर दिसत होती. गोड पोर आहे. तिचं वाईट व्हावं असं वाटत नाही, तेव्हाही वाटलं नव्हतं. पण एका पोरीच्या चांगल्यासाठी दुसऱ्या बाईला खड्ड्यात घालायचं हे ठरवलं कुणी? अण्णांनी नाही. माझा तोंडातला शब्द तोंडात ठेवून मीच ठरवलं.

८ मार्च, रविवार

रोजा होता तरी गेले. नाही जावं तर जीव खातो.

हौ.मा. दारात लाल दोऱ्याच्या लोंब्या झोडपत होती. मला बघून थांबली नाही. मी समोर बसले आणि सांगून टाकलं. तीन फोटो आहेत, तुझ्या आधीचे, अण्णांचे. चंद्रावहिनीनं आण घातली म्हणून...

"म्हाईत हाय," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"म्या ओढ्याकडनं बघत व्हते की. तू वर पानंदीत, आन चंद्री पळत आली."

मग सभेत का बोलली नाहीस गं, मी विचारलं. म्हणजे मीच तिला जाब विचारला! तिनं हातातली लोंबी सुपात ठेवली. "माझं कोन ऐकनार? तू दावशील म्हनून बसले व्हते."

तिनं मग पाखडायला घेतलं. पळंज उडून माझ्या अंगावर येत होतं, मी सरकले नाही. मी उठले तशी म्हणाली, "पुष्पीचं लगीन लागलं न्हवं? आता कुनाची वाट बघतीस?"

पाणी विचारायला ती विसरली आणि मग एकदम आठवलं तिला, "तुजा रोजा असंल." एवढं सगळं होऊनही तिला ते आठवलं.

१० मे, रविवार

तिनं राब भाजला. रोपाच्या जागेवर शेण, पाला, गवत अंथरून पेटवतात ते. दर वर्षी शेजारपाजारचे एकमेकांच्या आगीवर लक्ष ठेवतात, वारं असतं. आज ती एकटी, हातात ओल्या पोत्याचा बोळा, ह्या कडेनं त्या कडेला. मी दुसरी कडा धरली. शिरवळचा मुलगा फोनवर म्हणतोय, आई सोड, पिशवीचं बी आण, सगळ्यांसारखं कर. ती म्हणते, त्यानं काय तरी येगळं सांगावं, हे समदेच सांगत्यात.

कॅमेरा नेला नव्हता. पहिल्यांदाच.

१४ जून, रविवार

पेरलं. आंबेमोहर, तेच. बी ओंजळी मोजून टाकत होती. विचारलं, मावशी, सावडीला कोणी आलं नाही तर? "तर गुडघ्यावं बसून लावंन." ती चौपन्नची, गुडघे आधीच गेलेले.

२८ जून, रविवार

अण्णांकडं गेले. चार महिने हिंमत गोळा करत होते. ओसरीवर लॅपटॉप उघडून तिन्ही फोटो त्यांच्यापुढं ठेवले. म्हटलं, हे मी वाडीत दाखवणार.

मला वाटलं भडकतील, हातापाया पडतील, निदान दार लावून घेतील. ते चष्मा लावून नीट बघत बसले. "क्यामेरा चांगला हाय तुमचा." मग म्हणाले, "दावा की. आता काय, पोरगी नांदाय गेली."

"मग ठराव मागं घ्या."

"त्यो गावाचा ठराव हाय मॅडम. माझा येकट्याचा हाय व्हय?" आणि चंद्रावहिनीला हाक मारली, "चा ठेव गं मॅडमला."

चहा घेतला मी. न घेण्याएवढंही माझ्यात उरलं नव्हतं.

१२ जुलै, रविवार

वाडीची लावणी जोरात. आज सगळी सावड अण्णांच्या खाचरात, वीस-बावीस बायका, डोक्यावर इरली, प्लास्टिकचे कागद. पाऊस बारीक. मी बांधावर उभी राहिले. फोटोच्या प्रिंट प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेल्या होत्या. सगळ्यांना वर बोलवलं. म्हटलं, हे बघा. तारीख बघा. हे अण्णांचं वावर, हौसामावशीच्या आधी गेलेलं. मावशीकडं रोग वरनं आला. तिचं बी रोगाचं नाही.

आल्या सगळ्या. चिखलाचे हात पाठीमागं धरून, प्रिंट खराब होऊ नयेत म्हणून, मान वाकवून बघितलं. एकदाचं मी ते केलं होतं.

चंद्रावहिनीच बोलली. रागानं नाही, मला समजावून सांगावं तसं. "ताई, आमाला म्हाईत हाय की. आमच्यात बी व्हता, हिच्यात बी, तिच्यात बी. समद्यांच्यात व्हता. पन भिताडावं कुनाचं वावर लागलं?"

आणि सगळ्या परत खाली उतरल्या. मुठीतलं रोप, वाकलेल्या पाठी. कोणीतरी गाणं धरलं. कमल नावाची एक सून, वाडीत नवीन, ती तेवढी प्रिंट हातात घेऊन जरा वेळ उभी होती. मग सासूनं हाक मारली तशी गेली. प्रिंट माझ्या हातात देऊन गेली, ओल्या बोटांचे ठसे राहिले त्यावर.

त्यांना कळू नये म्हणून मी नऊ महिने आण, परवानगी, लग्न, रोजे ह्यांच्याआड लपवून ठेवलेलं ते त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माहिती कुणालाच नको होती. कुणाच्या तरी नावावर टाकायचं होतं, आणि ते नाव मी भिंतीवर टांगून दिलं, मोठं करून, चिठ्ठीसकट.

खाली ओढ्याला गेले. हौ.मा. खरंच गुडघ्यावर बसून लावत होती. चप्पल काढली, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली, उतरले. पहिली ओळ माझी अशी वाकडी गेली की तिनं निम्मी उपटून परत लावली, न बोलता. दुपारपर्यंत मान, कंबर, सगळं गेलं. संध्याकाळपर्यंत दोघींनी मिळून एक खाचर झालं. एवढंच.

वर येऊन हात धुताना बघितलं. ओलं काळं खाचर, त्यात ती हिरवी रोपं, अर्धी तिची सरळ, अर्धी माझी तिरकी. विचारलं, मावशी, ह्याचा एक काढू का मोबाईलवर?

"कशाला?" ती म्हणाली. "आनी कुटं लावायचा हाय?"

नाही काढला.

रोप अठ्ठावीस दिवसांचं झालं. ह्या आठवड्यात गेलं नाही तर वाया. तीन खाचरं राहिलीत. ओढा ओलांडून जाताना कमलनं लांबून विचारलं होतं, सकाळी किती वाजता लागता म्हणून. हौ.मा.नं उत्तर दिलं नाही, मी दिलं. सात वाजता म्हटलं. ती येईल का ते माहीत नाही. तिच्या सासूनंही ऐकलंय.

उद्या स्टुडिओ बंद. पाचला निघायला हवं.